रिव्हाइव्ह झाली म्हणजे काय

सकाळी आम्ही दोघं अंगणात सुपारी सोलत होतो. सुमन, माझी बायको, म्हणाली, "तुमच्या चार होतात तवर माझी टोपली भरते. बसा आपले शोभेला." तेवढंच शेवटचं हसणं.

मग तिच्या छातीत जळजळलं, दरदरून घाम आला. पित्त म्हणून मी कोकमाचं आगळ पाजलं, पाठ चोळली. त्यात दोन तास गेले. तुम्ही असं करू नका. घाम फुटला की उठवा आणि दवाखान्यात न्या.

श्रीवर्धनच्या दवाखान्यात ईसीजी काढला. त्यात हृदयाचे ठोके कागदावर उमटतात. हार्ट अटॅक निघाला. मला बाहेर बसवलं. आत तिचं हृदय थांबलं.

अर्ध्या तासाने डॉक्टर आले. "बाबा, आम्ही त्यांना रिव्हाइव्ह केलंय. पण तब्येत फार नाजूक आहे. मुलंबाळं असतील तर लगेच बोलवा."

मी पहिलं वाक्य धरलं, बाकीचं सोडलं.

सुपारीचं सुकलेलं रोप आम्ही पाणी घालून जगवतो. जगवलं की ते आपलं आपण उभं राहतं. मला वाटलं, हेही तसंच. तसं नसतं. रिव्हाइव्ह म्हणजे थांबलेलं हृदय छाती दाबून, औषधं देऊन पुन्हा चालू करायचं. माणूस राहील का, ते पुढं कळतं.

पनवेलला पोरीला, वनिताला, फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मी आत्ताच निघते." मी म्हटलं, "घाई न्हाय. आई जगली. उद्या सावकाश ये." तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

पाचला हृदय पुन्हा थांबलं. या वेळी चालू झालं नाही. एकला निघाली असती तर वनिता वेळेत पोचली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन ओटीवर होती, अंगणात माणसं जमत होती. वनिता मावशीला सांगत होती, "डॉक्टरने खोटी आशा लावली, मावशी. न्हायतर मी आईला बघितलं असतं."

मी जाऊन तिच्यासमोर बसलो. म्हटलं, "वने, डॉक्टर खोटं बोलला न्हाय. त्याने लगेच बोलवा सांगितलं होतं. मी तुला सांगितलं न्हाय."

ती उठून आईच्या पायाशी जाऊन बसली. मी तिथंच बसून राहिलो.