गलबताचं सागवान

परवा शेजारच्या सुतारानं जुन्या सागवानावर रंधा मारला आणि त्या वासानं मला थेट मुरुडला, बाबांच्या पडवीत नेऊन बसवलं.

आगबोटींनी माल वाहायचा धंदा खाल्ल्यावर आमचं गलबत मोडावं लागलं. त्याचं मलबारी सागवान पडवीत रचून ठेवलं. तसं लाकूड पुन्हा मिळणारं नव्हतं. बाबा म्हणाले, "घराला दार करू." मी म्हटलं, "केली तर होडीच." शाळा माझी दुसरीपर्यंत, पण लाकडातलं मलाच कळतं, हा तोरा. चार महिने आम्ही बापलेक एकमेकांशी बोललो नाही. लाकूड तसंच पडून.

आषाढाच्या झडीत बाबा अचानक गेले. सरणाला गावात सुकं लाकूड मिळेना. शेजारचे कासिमचाचा हळूच म्हणाले, "बेटा, सुकं लाकूड तुझ्याच पडवीत हाय."

गावचा सुतार मोठी करवत घेऊन आला. "केवढे तुकडे करू रे?" त्यानं विचारलं. मी कोळशानं फळ्यांवर खुणा करून दिल्या. आज वाटतं, दार होऊ द्यायला काय जात होतं माझं?

तेवढ्या मोठ्या करवतीला समोरून दुसरा माणूस लागतो. दुसरं टोक मीच धरलं.