स्टेपचं बारसं

चार माणसं रोज एका हॉलमध्ये घाम गाळायला लागली की किस्से साचतातच. बँकेत साचतात, शाळेच्या स्टाफरूममध्ये साचतात. पण तिथले किस्से डबा खाताना सांगायचे आणि हात धुताना विसरायचे. आमच्याकडे ती सोय नव्हती. आमच्या वैजूमॅडम किस्स्यांच्या स्टेप्स करायच्या!

गंगापूर रोडवरच्या एका कंटेम्पररी डान्स कंपनीत मी पाच वर्षं नाचले. कंपनी म्हणजे आम्ही सात जण, एक स्पीकर आणि दातांच्या दवाखान्यावरचा हॉल. कंटेम्पररी म्हणजे काय, हे मला पाहुण्यांना आजही सांगता येत नाही. घुंगरू नाहीत, मुद्रा नाहीत, सिनेमाचं गाणं नाही, आणि बराचसा नाच जमिनीवर पडून. एवढं सांगेपर्यंत पाहुणे दुसऱ्या विषयावर गेलेले असतात.

मॅडम पन्नाशीच्या, एका गुडघ्याला कायम पट्टा. त्या वन-टू-थ्री मोजायच्या नाहीत. कुणाची काही फजिती झाली की ती हालचाल उचलायच्या, घासूनपुसून नाचात घालायच्या आणि तिचं बारसं करायच्या.

"आकडे विसरता गं तुम्ही. माणसं नाही विसरत."

*

पहिलं बारसं डॉक्टरांचं. आमची उड्यांची तालीम चालली होती. दार उघडलं, तर खालचे डेंटिस्ट हातमोज्यांसकट दारात!

"मॅडम, खाली पेशंट आ करून बसलाय आणि वरून पोपडे पडतायत!"

मॅडमनी माफी मागितली. डॉक्टर जिना उतरले तशा आमच्याकडे वळल्या. "चला. आता अशी उडी, की त्या बिचाऱ्याच्या तोंडात काही पडणार नाही."

तीन आठवडे लागले. आधी पंजा, मग टाच, मग गुडघा, आणि श्वास सगळ्यात शेवटी सोडायचा. बिनआवाजाची उडी. नाव 'डॉक्टर'.

*

रोहित निफाडचा, घरची द्राक्षबाग. त्याचे वडील, आप्पा, पहिल्यांदाच शो बघायला आले होते. पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीच्या शर्टात.

त्या नाचात रोहितला सहा वेळा पडायचं होतं. तिसऱ्या वेळी आप्पा खुर्चीत पुढे सरकले. चौथ्या वेळी उभे राहिले. पाचव्या वेळी सरळ स्टेजवर! चपला मात्र खाली काढून.

पोराच्या काखेत हात घालून त्यांनी त्याला उभं केलं, त्याचे गुडघे झटकले. "लागलं का रं? बस झालं आता."

टाळ्यांचा कडकडाट! लोकांना वाटलं, नाचातलंच आहे.

शो संपल्यावर आप्पांनी मॅडमना बाजूला घेतलं. "बाई, ह्यो जेवतो ना नीट? लय पडतोय."

पुढच्या शोपासून तो उचलणं नाचात आलं. नाव 'आप्पा'. आणि ते करताना रोहितचे डोळे दर वेळी भरून यायचे. ते मात्र कुणी बसवलेलं नव्हतं.

*

सायली आमच्यातली सगळ्यात बडबडी. एका शोमध्ये तिला दोन मिनिटं प्रेक्षकांकडे पाठ करून स्तब्ध उभं राहायचं होतं. समोर विंगेत रोहितची पँट खिळ्याला अडकली. सायलीची पाठ हलायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे गदागदा!

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'मूक वेदनेने थरथरणारी पाठ अंगावर काटा आणून गेली.'

मॅडमनी कात्रण आरशाला चिकटवलं. नाव 'सायलीचं हसू'. तेव्हापासून दुःख दाखवायचं असलं की मॅडम म्हणायच्या, "इथे सायलीचं हसू घाला."

*

आता माझं. माझ्या नावाची एकही स्टेप नव्हती.

पाच वर्षांत माझा पाय घसरला नाही, ओढणी अडकली नाही, मी उशिरा आले नाही. "मृदुला, तुझं काही चुकतच नाही गं," मॅडम म्हणायच्या. "तुझं करायचं काय?" सगळे हसायचे. मीही हसायचे. घरी जाताना मात्र मनात यायचं, मी गेले तर इथे माझं काय उरेल? स्पीकरची वायर गुंडाळायची पद्धत?

एकदा मी मुद्दाम पडले. अगदी छान पडले.

मॅडमनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. "खोटंय. ऊठ."

*

मग लग्न ठरलं. बघायला आलेल्या काकांनी विचारलं, "डान्स करते म्हणे? दाखव की थोडासा!" गाणं म्हणायला सांगावं तसं. मी सोफा, टीपॉय आणि पोह्यांच्या बशांकडे पाहिलं आणि म्हणाले, "जागा कमी पडेल."

सासरे मोठ्याने हसले. "आमच्याकडे काही बंधन नाही हो."

आई घाईघाईने म्हणाली, "नाही नाही, ती तसंही आता बंद करणारच आहे."

हे मला त्याच वेळी कळलं! सगळे माझ्याकडे बघत होते. मी बशा उचलल्या.

नंतर निखिलनेही फोनवर विचारलं होतं, नाच चालू ठेवणार का. माझा नवरा भला माणूस आहे. "तुझं तू ठरव," म्हणाला. मी म्हणाले, "बघू." कुणीही मला अडवलं नाही. हे आठवलं की राग धरायला कुणी सापडत नाही.

*

पत्रिका द्यायला हॉलवर गेले, तेव्हा जिन्यात वाक्य पाठ केलं होतं. 'मॅडम, मी महिनाभराने सकाळच्या तालमीला येईन, माझी जागा ठेवा.' एवढंच. पाच वर्षांत मी एवढं लांब वाक्य त्यांच्याशी बोलले नव्हते.

सगळ्यांनी पत्रिका पाहिली, रोहितने माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या फोटोला 'जिजाजी' म्हणून हाक मारली, पेढे संपले. मी दाराशी आले. एक हात चौकटीवर, वाकून सँडलचा बंद लावायला लागले. बंद लागेना. दोनदा निसटला. मग लागला. मी सरळ झाले, अर्धी वळले, तोंड उघडलं.

"काय गं?" मॅडम म्हणाल्या.

"काही नाही."

*

सासर इंदिरानगरला. घर मोठं, माणसं चांगली, आणि फरशी इतकी सुंदर की पहिल्या दिवशी लोळावंसं वाटलं. लोळले नाही.

एकदा कुकरचं झाकण ओट्यावरून सटकलं. मी पाठमोरी होते, तरी पंजा, टाच, गुडघा, खाली बसून ते जमिनीला टेकायच्या आत झेललं. अस्सल 'डॉक्टर'! बघायला कुणी नव्हतं.

सासूबाई मात्र कौतुक करतात. "किती हलकी चालतेस गं! घरात आहेस हे कळतसुद्धा नाही."

*

गेल्या महिन्यात सासूबाईंची दाढ दुखायला लागली. त्यांच्या मैत्रिणीने एक डॉक्टर सुचवले, गंगापूर रोडचे. मी त्यांना घेऊन गेले.

डॉक्टरांनी मला ओळखलं. "अरे, तुम्ही! रूट कॅनाल आहे, पाऊण तास लागेल." मग वर बोट करून म्हणाले, "आता वर नाचतात की नाही, तेच कळत नाही."

सासूबाई आ करून आडव्या झाल्या. मी जिना चढले.

हॉलमध्ये एकच मुलगी होती. नवी, अठरा-एकोणीसची. मॅडम फिजिओकडे गेल्या होत्या, अकराला येणार होत्या. आरशावरचं कात्रण तिथेच होतं, पिवळं पडलेलं. मुलगी दाराच्या चौकटीला एक हात लावून वाकली होती. पायाशी बोटं चालली होती, चप्पल नसताना. एकदा निसटली. दुसऱ्यांदा निसटली. मग ती सावकाश सरळ झाली, अर्धी वळली, तोंड उघडलं, आणि तशीच थांबली.

"हे काय?" मी विचारलं.

"हे होय? 'मृदुला'!" ती घाम पुसत म्हणाली. "नव्या नाचाचा शेवट आहे हा. दिसतं सोपं, पण मॅडम म्हणतात अजून एकालाही जमलेलं नाही. तुम्ही नाचता का, ताई?"

"नाचायचे."

"मग बघा ना करून!"

मी चौकटीला हात लावला. वाकले. बंद लावला, माझ्या सँडलचा, खराच. तो दोनदा निसटला. सरळ झाले, अर्धी वळले, तोंड उघडलं.

"मॅडम, मी..."

"च्, ताई!" ती मुलगी हसायला लागली. "बोलायचं नाही! सगळे इथेच चुकतात."