एका वेढ्याची शंका

मोटर जळली की लोक आधी मोटरला शिव्या घालतात, मग विजेच्या कंपनीला, आणि मग मुकाट्याने ती उचलून वाइंडिंगवालीकडे आणतात. तिचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, दुसऱ्या भिंतीला उघडून ठेवलेल्या मोटरी, आणि सगळीकडे वॉर्निशचा असा वास की पाहुण्याचं डोकं धरावं. घरच्यांना तो येतच नाही.

या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नवऱ्याचा जीव ट्रकच्या स्टिअरिंगमध्ये; दुकानात तो दहा मिनिटं टिकत नसे. सासऱ्यांनी वर्षभर सुनेचे हात पाहिले आणि एक दिवस फर्म्याचा दांडा तिच्या हातात दिला. फर्मा म्हणजे लाकडी ठोकळा. दांडा फिरवला की त्यावर तार गुंडाळून मोटरमध्ये भरायची कॉइल तयार होते, आणि प्रत्येक वेढा तोंडाने मोजायचा. फर्म्यावर आकडे दाखवणारं यंत्र होतं, ते सासऱ्यांनी कधीच उपटून फेकलं होतं. "यंत्र मोजायला लागलं की माणूस गप्पा मारायला लागतो," असं त्यांचं म्हणणं. मोजणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. आणि आकडा विसरला तर अंदाजपंचे पुढे जायचं नाही. सगळी तार उलगडायची आणि पुन्हा एकपासून.

लेक यातच वाढली. नऊ वर्षांची असताना एकदा शाळेतून धावत आली आणि बेचाळिसाव्या वेढ्याला "आई, माझा पहिला नंबर!" म्हणून ओरडली. आई रागावली नाही. तिने नुसती तार उलगडली, पुन्हा गुंडाळली आणि मग हात पुसून लेकीला जवळ घेतलं. पोरीला रट्टा परवडला असता. त्या दिवसापासून ती उंबऱ्यात उभी राहून आधी आईचे ओठ हलतायत का ते बघायची. पुढे पुढे या सवयीचा अतिरेकच झाला. दोरीवरच्या उड्यांच्या शर्यतीत आकडा विसरला म्हणून ही बया थांबली आणि एकपासून उड्या मारू लागली. बक्षीस दुसरीने नेलं. मैत्रिणींनी कपाळावर हात मारला, आणि आजोबांनी कौतुकाने तिचं नाव गोचीड ठेवलं.

बारावीनंतर गोचीड एका कॉलेजच्या मागे लागली. मोटरी मुळात बनवतात कशा, ते शिकवणारं. यादीत नाव आलं, पण प्रतीक्षेत. सगळं घर महिनाभर श्वास रोखून बसलं. गुरुवारी आईच्या फोनवर निरोप आला: येत्या बुधवारी सकाळी दहाला मूळ कागदपत्रांसह हजर राहावे, अन्यथा जागा पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. आई फोन नाचवत दुकानात आली. "आलं गं, बोलावणं आलं!"

लेक तेव्हा बेकरीच्या पीठ मळायच्या यंत्राची मोटर भरत होती. सुट्टीत तिने एकटीने भरलेली ही पहिलीच मोटर. दांडा क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरला. त्या आनंदात ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. शनिवारी मोटर बसली, चालू झाली, आणि बेकरीवाल्याने पोरीच्या पाठीवर थाप मारली.

सोमवारी दुपारी जेवता जेवता लेकीचा हात थांबला. "आई, बेकरीची मोटर परत आणायची."

"का? बंद पडली?"

"नाही. तू हाक मारलीस तेव्हा मी एकोणतीसवर होते. की अठ्ठावीस? मी तीस धरून पुढे गेले. एका कॉइलला अठ्ठेचाळीस हवेत. मला वाटतं सत्तेचाळीसच आहेत."

वाइंडिंगवालीने मनात हिशेब मांडला. वॉर्निश बसलेली एक कॉइल काढायची म्हणजे शेजारच्या जखमी होतात. अख्खी मोटर नव्याने भरायची. दोन दिवसांचं काम, आणि उद्या दुपारची बस. मीटरला एका वेढ्याचा फरक कळत नाही. एक वेढा कमी असला तर मोटर जरा गरम होईल, वर्ष-दोन वर्षं लवकर जळेल. किंवा नाहीही जळणार.

"राहू दे," ती म्हणाली. "चालतीये ना? मग राहू दे."

आजोबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"तू म्हणतेस हे?" लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "अठरा वर्षं मला असं घडवलंस, आणि आता राहू दे? मी तिथे जाऊन शिकू तरी काय?"

आईला राग आला, खरा राग, पोरीच्या कानशिलात वाजवावीशी वाटण्याइतका. पाठोपाठ लाज वाटली. आपण हिला घडवताना त्याची किंमत आपल्याला मोजावी लागेल हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिने ताट सारलं, चपला घातल्या आणि लेकीला घेऊन बेकरी गाठली.

बेकरीवाला ऐकेचना. "चालत्या मशीनला हात लावू देणार नाही मी! अहो ताई, जगात लोक बिघडलेलं नीट करायला येतात. तुम्ही नीट असलेलं न्यायला आलात?"

"काका, मला खात्री नाही," लेक म्हणाली. "खात्री नसलेली मोटर आमच्या दुकानातून जात नाही."

"आणि माझे पाव कोण मळणार? तुझे आजोबा?"

पण पोरगी यंत्रापाशी जाऊन उभी राहिली ती हललीच नाही. शेवटी, ज्यांना आता दोन दिवस हाताने मळावं लागणार होतं त्या कारागिरांची बेकरीवाल्याने माफी मागितली आणि पाना तिच्या हातात दिला.

मंगळवारी सकाळी सातला लेकीने छिन्नीने शंकेच्या कॉइलचं बाहेर आलेलं डोकं कापलं. तारांची टोकं तांबूस ठिपक्यांसारखी दिसू लागली. सुईने एकेक ठिपका बाजूला सारत तिने मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग आजोबांनी चष्मा लावून मोजलं.

अठ्ठेचाळीस.

एकही वेढा कमी नव्हता. चांगली मोटर हकनाक कापली गेली होती.

आजोबा हसले, आणि लेकीला रडू फुटलं. मग नाक पुसून तिने स्टूल पुढे ओढलं आणि फर्म्याला तार लावली. बस दीडला होती. "उघडली मी, भरणार मी. ज्याने बिघडवलं त्यानेच दुरुस्त करायचं. आजोबा, तुम्हीच सांगता ना?"

"सांगतो खरं," म्हातारा पुटपुटला आणि सुनेकडे बघू लागला.

"ऊठ," आई म्हणाली.

"नाही उठणार."

"तुझं काही चुकलेलंच नाही. आत्ता तिघांनी मोजलं." वाइंडिंगवालीचे शब्द ठाम होते. "मोजणाऱ्या माणसाला हाक मारली ती मी. आणि वर 'राहू दे' म्हणाले तीही मीच. चुकले मी. माझं काम माझ्याकडून हिसकावून घेऊ नकोस. ऊठ, आणि बॅग भर."

गोचीड आईकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत आईच्या तोंडून 'चुकले' हा शब्द तिने ऐकला नव्हता. ती उठली, वाकून नमस्कार केला, आणि आईने तिला इतकं घट्ट धरलं की तारेचं टोक दोघींना टोचलं.

बसवर सोडायला आजोबा गेले. आईने दुपारभर मान वर केली नाही. परतल्यावर सासऱ्यांनी न सांगता कॉइलभोवती घालायचे इन्सुलेशनचे कागद कापून दिले. दिवेलागणीला मोटर भरून झाली, आणि वॉर्निश वाळायला मोठ्या बल्बखाली ठेवली.

बुधवारी अकराला ती बेकरीत मोटर बसवून शेवटचा बोल्ट आवळत असताना फोन वाजला. हात ग्रीसने माखलेले, म्हणून बेकरीवाल्याने फोन तिच्या कानाला लावला.

"आई, मिळाली जागा!" पलीकडून लेक ओरडत होती. आणि लगेच, श्वासही न घेता: "मोटर?"

वाइंडिंगवालीने बोल्ट आवळून पाना खाली ठेवला. तिने मानेनेच बेकरीवाल्याला खूण केली. त्याने बटण दाबलं आणि फोन घुमू लागलेल्या यंत्राजवळ धरला.