लेआउटची पाटी आणि पौषातले रोडगे

आमच्या लेआउटमध्ये बेचाळीस प्लॉट आहेत. सदतीसांवर घरं झाली, पाच अजून रिकामे आहेत. मधोमध ओपन स्पेस आहे, एकशे दहा फूट लांब आणि ऐंशी रुंद. तिच्या दक्षिण टोकाला मारुतीचं लहान देऊळ आहे आणि उत्तर टोकाला, गुरुजींच्या फाटकासमोर, एक लोखंडी पाटी. तिच्यावर लिहिलं होतं: 'लेआउटच्या हद्दीत उघड्यावर काहीही जाळू नये.' वाक्य माझं. मी अमरावतीत मोजणी खात्यात नोकरी करतो. लेआउटच्या समितीचा सचिवही मीच आहे, कारण दुसरं कोणी ते काम घेत नाही.

महानगरपालिकेचा नियम आमच्या पाटीच्या आधीपासून होता. कचरा, पालापाचोळा, प्लास्टिक उघड्यावर जाळलं तर दंड. घंटागाडीच्या भोंग्यावरून तो रोज सकाळी ऐकू यायचा आणि गाडी कोपऱ्यावरून वळली की लोक काडी ओढायचे. लेआउटमध्ये कडुनिंबाची एकोणीस झाडं आहेत. फाल्गुनात ती सगळी एकदम पानं टाकतात. एका झाडाखालचा दिवसाचा पाला दोन घमेली भरतो. गाडीवाला म्हणतो, पाला घेणार नाही, ओला कचरा वेगळा द्या. मग फाटकाबाहेर ढीग करायचा आणि पेटवायचा, ही सदतीस घरांची रीत होती. माझीही होती.

गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत, अंजनगावकडच्या एका खेड्यातले. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांची दोन्ही फुप्फुसं निकामी होत आली आहेत. बिडी आयुष्यात ओढली नाही, हे ते प्रत्येक डॉक्टरला आधी सांगून टाकतात. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन त्यांच्या खाटेशेजारी रात्रंदिवस चालतं, नळी नाकात असते. बोटाला लावायच्या यंत्रावर त्यांचा आकडा एक्क्याण्णवच्या आसपास असतो. माझा सत्त्याण्णव येतो.

चार वर्षांपूर्वी फाल्गुनातल्या एका सकाळी सात वाजता त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. पाच दिवस ते तिथे होते. त्या सकाळी लेआउटमध्ये दोन ढीग पेटलेले होते. एक मागच्या ओळीत, गुरुजींच्या घरापासून तीनशे फुटांवर. दुसरा माझ्या फाटकाबाहेर, पंचाण्णव फुटांवर.

बायको अकोल्याची आहे, आडपडदा ठेवत नाही. ॲम्ब्युलन्स गेल्यावर ती म्हणाली, "मोजून घ्या आता. तुमाले मोजाची सवय हाये ना."

मी मोजलं. त्या दिवसापासून एकतीस दिवस वहीत नोंद ठेवली: वेळ, घर, काय जाळलं, वारा कुठला. चौसष्ट आगी झाल्या. पहिल्या ओळीत मी माझी लिहिली. मग वही घेऊन सभा बोलावली आणि वाचून दाखवली. ओपन स्पेसच्या पूर्व बाजूला पाल्यासाठी दोन खड्डे खणले, प्रत्येकी सहा बाय चार, तीन फूट खोल. होळी नाल्यापलीकडच्या मैदानात नेली. आणि पाटी लावली.

अडलं एकाच ठिकाणी. आमच्या समोर एक काकू राहतात. माहेर धामणगाव रेल्वेचं. मुलाच्या आजारपणात त्यांनी मारुतीला रोडग्यांचा नवस केला होता आणि तेव्हापासून दर पौषातल्या एका रविवारी त्या देवळासमोर गोवऱ्या पेटवून रोडगे भाजायच्या. कणकेच्या पोळ्या एकावर एक ठेवून वळलेले गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, पुरून भाजलेले. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. सगळा लेआउट जेवायचा. पाटीत तेवढी सूट ठेवा, असं त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं. एक सूट ठेवली की पुढच्या सभेत चार मागितल्या जातात, हा माझा अनुभव आहे.

"बावीस साल झाले मारुतीले रोडगे देऊन राहिली मी," त्या सभेत म्हणाल्या. "मारुतीनं कधी धुराची तक्रार नाई केली."

पण नियम त्यांनी पाळला. दोन वर्षं त्यांनी भावाच्या वावरात जाऊन रोडगे केले आणि देवळात नैवेद्य डब्यातून आणला. आमच्या घरी मात्र त्या डब्यातला रोडगा आला नाही.

गेल्या पौषात गुरुजींनी मला बोलावलं. ते एका श्वासात चार-पाच शब्दच बोलू शकतात, मग थांबतात. ऐकणाऱ्यालाही थांबावं लागतं.

"एक काम होतं तुह्याजवळ," ते म्हणाले. "मले रोडगे खायचे हाये."

सून दारात उभी होती. "मी केले होते ना बाबा परवा. ओव्हनमधे."

"थे बिस्किट होतं," गुरुजी म्हणाले.

मी म्हटलं, काकूंच्या भावाच्या वावरातून आणतो.

"थंडे होऊन येते. रोडगा आरातून काढला का तिथंच फोडला पाह्यजे. तूप आत मुरलं पाह्यजे."

"मग तुम्हालाच वावरात नेतो. गाडीनं अर्धा तास लागेल."

"अन् मशीन?" ते थांबले. "वावरातली लाइन केव्हा जाते, केव्हा येते. थे येते काय तुह्या खात्याले मोजता?"

"गुरुजी, इथं पेटवलं तर धूर होईल. पाटी तुमच्यासाठीच लावली आहे."

"म्हणूनच तर मी हो म्हणून राहिलो."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. तिला ते नको होतं, हे दिसत होतं. पण फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा ती वेगळंच बोलली. "आठ दिवस झाले, जेवण अर्धं करून टाकलं त्यांनी. काही मागतच नाहीत. हे पहिलं मागितलं."

मी काकूंकडे गेलो. त्या अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या.

"या मोजणीसाहेब. आमच्या चुलीची हद्द मोजाले आले काय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"दोन साल मले नाई म्हणतलं. अन् गुरुजीले हो?"

"गुरुजींसाठीच नाही म्हटलं होतं काकू."

"अन् आता गुरुजीसाठीच हो."

"हो."

"बरं हाये बाप्पा तुमचं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "गोवऱ्या भावाच्या घरून आणते. चांगल्या वाळलेल्या पाह्यजे, वल्या असल्या का लय धूर करते. अन् तुमी मधी मधी करू नोका."

महानगरपालिकेचा नियम मी पुन्हा वाचला. त्यात स्वयंपाकाचा उल्लेख नव्हता. 'काहीही' हा शब्द आमच्या पाटीवर माझ्यामुळे आला होता. तरी वॉर्डाच्या कार्यालयात जाऊन विचारलं. तिथले गृहस्थ म्हणाले, स्वयंपाक करा, कचरा घालू नका, पाणी जवळ ठेवा. मी लेखी मागितलं तर ते हसले. समितीत आम्ही पाच जण. चौघांनी सही केली: एक रविवार, दुपारी बारा ते तीन, देवळासमोर. पाचवे म्हणाले, उद्या मी पाला पेटवला तर मला काही बोलू नका. ते मी इतिवृत्तात लिहून घेतलं.

मग आठ दिवस मी सकाळी सात, नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता देवळासमोर उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहिलं. पौषात सकाळी धूर वर जातच नाही. कंपाउंडच्या भिंतीएवढ्या उंचीवर पसरून राहतो. अकरा वाजून गेले की उन्हानं तो सरळ उठतो आणि वारा उत्तरेचा असल्यामुळे दक्षिणेला, नाल्याकडे जातो. आठही दिवस बाराचा धूर दक्षिणेलाच गेला. गुरुजींचं घर उत्तरेला. मशीनसाठी तीस मीटर वायर आणली. खुर्चीची जागा त्यांच्या फाटकाबाहेर, आगीपासून सत्तर फुटांवर. धूर पूर्ण संपेपर्यंत त्यांनी घरातच थांबायचं, खिडक्या बंद, दाराखाली ओलं फडकं. हे सगळं एका कागदावर लिहून सुनेला दिलं.

रविवारी काकूंनी बारा वाजून दहा मिनिटांनी गोवऱ्या पेटवल्या. एकशे वीस गोवऱ्या. अडतीस मिनिटं धूर झाला आणि तो उदबत्तीसारखाच दक्षिणेला गेला. मग लाल आर उरला. काकूंनी आणि बायकोनं त्यात रोडगे पुरले. दीड वाजता मी बोटानं खूण केली आणि सुनेनं गुरुजींना खुर्चीवर आणून बसवलं. मफलर, कानटोपी, नाकात नळी. आकडा नव्वद.

"वास येऊन राहिला," ते म्हणाले.

सव्वादोनला काकू म्हणाल्या, झाले. रोडगे आरातून काढले की राखेनं माखलेले असतात. ते पोत्यात घालून दोघं दोन टोकं धरून झटकतात, म्हणजे राख गळून पडते. लहानपणापासून मी हे पाहत आलो आहे. पोत्याचं एक टोक मी धरलं. देवळासमोर जमीन उखडलेली होती, खडे होते. सकाळी मी गुरुजींच्या खुर्चीभोवतीची जागा झाडून, पाणी शिंपडून ठेवली होती, पानं तिथेच वाढायची होती. रोडग्याला खडे लागू नयेत म्हणून मी पोतं तिकडे ओढलं. काकू काहीतरी म्हणाल्या. मला वाटलं, मधे मधे करू नका म्हणताहेत. खुर्चीपासून सहा फुटांवर आम्ही पोतं चार वेळा झटकलं.

सत्तर फूट अंतर मी धुरासाठी ठेवलं होतं. राख माझ्या कागदावर कुठेच नव्हती.

पांढरी राख पोत्याभोवती उठली आणि उत्तरेचा वारा त्या क्षणी पडलेला होता. गुरुजींना ठसका लागला तो थांबेना. सुनेनं श्वासाच्या औषधाचा पंप दिला. मी मशीनची कळ वाढवली. बोटावरचा आकडा शहाऐंशी झाला, चौऱ्याऐंशी झाला, मग दिसेनासा झाला, कारण हात हलत होता. काकूंनी पदर ओला करून त्यांच्या तोंडासमोर धरला. पानं मांडून बसलेले वीस-बावीस लोक उठून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. मी फोन हातात घेतला होता, ॲम्ब्युलन्सचा नंबर समोर होता. घड्याळाकडे पाहत होतो. नऊ मिनिटं.

आकडा सत्त्याऐंशीवर आला तेव्हा गुरुजींनी डोळे उघडले.

"रोडगा थंडा करून राहिले काय बे," ते म्हणाले.

सून म्हणाली, "बाबा, आज राहू द्या."

त्यांनी हात पुढे केला. काकूंनी पोत्यातून एक रोडगा काढला, पदरानं पुसला, दोन्ही हातांनी फोडला. आतून वाफ निघाली. तूप ओतलं. गुरुजींनी पाऊण रोडगा खाल्ला. एकेक घास, मधे थांबून, पंचवीस मिनिटं. वांगं घेतलं नाही, वरण घेतलं. उरलेला पाव त्यांनी सुनेच्या पानात ठेवला.

काकू माझ्याजवळ आल्या. "मी म्हणत होती का पोतं इकडंच झटका. तुमी आयकाल तं."

"ऐकलं नाही," मी म्हटलं.

"पोतं झटकाले मोजणीवाले लागत नाई," त्या म्हणाल्या. मग माझ्या पानात दोन रोडगे वाढले.

त्या रात्री सुनेनं तीनदा आकडा कळवला: अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद. दवाखान्यात न्यावं लागलं नाही. पण लागलं असतं, आणि तीन वर्षांत दुसऱ्यांदा कारण मी झालो असतो. दुसऱ्या दिवशी मी ठरावाचा मसुदा लिहिला: यापुढे लेआउटमध्ये स्वयंपाकासाठीही उघड्यावर आग नाही, सूट रद्द. सभेआधी एक प्रत गुरुजींकडे पाठवली, कारण प्रश्न त्यांच्या श्वासाचा होता.

चार दिवसांनी प्रत परत आली. लाल पेननं तपासलेली, शाळेतल्या वहीसारखी. 'सूट रद्द' यावर आडवी रेघ. समासात वाकड्या अक्षरात लिहिलेलं: 'चूक आगीची नाही. पोते दूर झटकावे. पुन्हा लिहून आणणे.' खाली सही, आणि सवयीनं दहापैकी चार गुण.

मी पुन्हा लिहिलं. पाटी रंगवून घेतली. आता तिच्यावर आहे: 'पाला, कचरा, प्लास्टिक जाळू नये. रोडगे: पौषातला एक रविवार, दुपारी १२ ते ३.' पाचव्या सभासदानं अजून पाला पेटवलेला नाही.

यंदा काकूंनी पौषातला दुसरा रविवार मागितला आहे. गुरुजींचा आकडा आता अठ्ठ्याऐंशीच्या वर जात नाही, आणि फाटकापर्यंत यायला त्यांना दोनदा बसावं लागतं. सुनेनं विचारलं, या वर्षी नक्की ना. मी म्हटलं, त्यांना विचार. ती म्हणाली, त्यांनीच विचारायला पाठवलं. काल मी टेप घेऊन गेलो आणि देवळामागे, नाल्याच्या बाजूला, चुन्यानं चौकोन आखला. पोतं तिथे झटकायचं. खुर्चीपासून एकशे चार फूट. काकू देवळाच्या कठड्यावर बसून पाहत होत्या. त्यांनी सांगितलं तिथेच आखला.