माझे बरे झालेले कान

प्रभूने माझे कान बरे केले, अशी साक्ष मी सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत सलग तीन महिने दिली. पहिल्या रविवारी मी नुसतं 'ऐकू येतं' म्हणालो होतो. तिसऱ्या महिन्यापर्यंत मला पहाटेच्या चिमण्या, शेजारच्या खोलीत उकळणारी डाळ आणि देवदूतांची कुजबुज असं बरंच काही ऐकू यायला लागलं होतं. खरं म्हणजे यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडून सुरतेत येऊन मला बारा वर्षं झाली होती आणि ती सगळी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, गेली होती. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. खात्यात शंभर लूम एकदम खडखडतात, तेव्हा ओरडून उपयोग नसतो. कारागीर नुसते ओठ हलवतात आणि पलीकडच्या टोकाचा माणूस ते वाचतो. चहा आला, धागा तुटला, शेठ आला, सगळं ओठांवरून. बारा वर्षांनी अशी गत होते की आपण ऐकतोय की बघतोय, हे आपलं आपल्यालाच कळत नाही. माझ्या मूर्खपणाचं मूळ तिथे होतं.

एक पाहुणे उपदेशक आले तेव्हा बायकोने मला पुढे ढकललं. घरात एकेक वाक्य तीन-तीनदा सांगून ती थकली होती. त्यांनी माझ्या कानांना तेल लावलं, प्रार्थना केली, मग समोर उभं राहून हळू आवाजात विचारलं, तुला कोणी बरं केलं? मी त्यांच्या ओठांकडे बघत म्हणालो, येशूने. टाळ्यांनी पत्र्याचं छत हाललं असेल. त्या क्षणी मी खोटं बोललो नव्हतो, हे मी आजही शपथेवर सांगेन. मला ऐकू आलं असंच मला वाटलं होतं.

परतताना बायको सायकलच्या कॅरिअरवर मागे बसली होती. घरी पोहोचल्यावर ती डोळे पुसत उतरली आणि विचारू लागली, मी वाटभर एवढी बोलतेय, तुम्ही एका शब्दाने उत्तर का दिलं नाही? पाठीमागून मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. मग तिनेच तोडगा काढला की मी मनातल्या मनात प्रार्थना करत असणार. मी मान डोलावली. आयती पळवाट कोण सोडतो?

पुढे लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी तिथे बिऱ्हाडच थाटलं. पाळक मला पुढच्या सतरंजीवर बसवायचे. बायकोला संशय आला असणार, पण स्वतःच्या घरातला चमत्कार कोण मोडीत काढतं? रविवारी आपण काय नवीन ऐकलं असावं, याची तयारी मी शुक्रवारपासून करायचो. एकदा भरात येऊन म्हणालो, प्रार्थनेनंतर मी डॉक्टरचं तोंडही बघितलं नाही, कारण तो अविश्वास झाला असता.

हे वाक्य मंडळीतल्या एका बाईने पदरात बांधून घेतलं. आमच्याच चाळीत, चार खोल्या सोडून राहायची. तिच्या सहा वर्षांच्या मुलीला कमी ऐकू यायचं. सरकारी दवाखान्यात कानाचं मशीन बसवायला कितीतरी महिन्यांनी नंबर लागला होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी ती पोरीला घेऊन माझ्याकडे आली. उद्या जाणार नाही म्हणाली. तुम्हीच हिच्या कानांवर हात ठेवा.

मी ठेवले. त्या उपदेशकांच्या थाटात, डोळे मिटून, लांबलचक प्रार्थना केली. आमेन झाल्यावर बाई पोरीसमोर उकिडवी बसली आणि तिने हळूच विचारलं, "तुनं नाव काय शे?"

पोरीने आईच्या ओठांकडे बघितलं आणि नाव सांगितलं.

"तिले ऐकू उनं, भाऊ," बाई म्हणाली आणि रडायला लागली.

पोरीची नजर आईच्या तोंडावरून ढळत नव्हती. ती नजर माझी होती. मला स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती. मी टाळ्यांसाठी खोटं बोललो होतो आणि त्याची शिक्षा ही पोर आयुष्यभर भोगणार होती.

मी तिचा हात धरला आणि आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. बाईला म्हणालो, दारात जा आणि हाका मारा, तिलाही आणि मलाही. समोर कॅलेंडर होतं. मी तारखा वाचत राहिलो, पोर भिंतीचा पोपडा नखाने काढत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी न राहवून मी वळलो. बाईचे ओठ हलत होते, पण त्यांच्यावर पोरीचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं. ती आता प्रभूला हाक मारत होती.

मी वळलेला बघून ती थांबली. "मंग प्रभूनी तुमले बरं नही करं?"

"नाही. मला टाळ्या आवडल्या, म्हणून खोटं बोललो." तीन महिन्यांतली ती माझी सर्वांत छोटी साक्ष असावी. "प्रभूवर राग धरू नका, ताई. माझ्यावर धरा. पण उद्या हिला दवाखान्यात न्या. मीही येतो, माझे कान दाखवायला."

ती शिव्या देईल असं वाटलं, आणि त्या मी मुकाट ऐकून, म्हणजे बघून, घेतल्या असत्या. मग तिने पोरीला कडेवर घेतलं, माझ्या अगदी समोर आली आणि एकेक शब्द सुटा करत, ओठ नीट हलवत म्हणाली, "सकाळी आठ वाजता. उशीर करू नका, भाऊ."

बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. तीन महिन्यांत माझ्याशी असं कुणीच बोललं नव्हतं, आणि मला प्रत्येक शब्द कळला.