दुपारची बैठक

बांधकाम खात्याच्या त्या कार्यालयात तिला सगळे कशालाबाई म्हणत. पाठीमागेच नव्हे, तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. नकाशावर भिंत दिसली की ‘ही कशाला?’, खिडकी दिसली की ‘ही इथेच कशाला?’ घरी नवरा म्हणायचा, ‘लग्नात मला बघून विचारलं नाहीस, हे नशीब माझं.’ तो बस डेपोत मेकॅनिक होता. निवृत्त झाला तेव्हा छातीत कायमचा दम घेऊन घरी आला, जीभ मात्र शाबूत होती.

हा प्रश्न बाईच्या अंगातच होता, पण त्याला मूल्य व्यवस्थापन असं भारदस्त नाव आहे हे तिला उशिरा कळलं. राजधानीत प्रशिक्षण होतं, साहेबांना जायचा कंटाळा, म्हणून तिला पाठवलं. परत आली ती वेगळीच बाई होऊन. इमारतीचा हा भाग काय काम करतो, तेच काम आणखी कशाने होईल, आणि तसं केलं तर आपण काय गमावू, असे तीन प्रश्न ती शिपायापासून कंत्राटदारापर्यंत ज्याला त्याला ऐकवू लागली. स्वस्तात उरकणं म्हणजे मूल्य नव्हे, असंही बजावायची. लोक मान डोलवायचे आणि विसरायचे. पैसा तुटपुंजा आणि गरजा डोंगराएवढ्या असलेल्या देशात हे शास्त्र आलंच पाहिजे, असं तिला मनापासून वाटे. त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

मग शहरात नवं रुग्णालय बांधायचं ठरलं. कर्ज देणाऱ्या बँकेनेच अट घातली, की आधी अशी बैठक घ्या आणि मग पाया खणा. बाईला आकाश ठेंगणं झालं.

बैठकीचे नियम तिनेच समजावले. सकाळी ज्याला जे सुचेल ते त्याने बोलायचं, कुणी कुणाला खोडायचं नाही. प्रत्येक सूचना कार्डावर लिहून भिंतीवर लावायची. दुपारी एकेक कार्ड घेऊन पारखायचं, तिसरा प्रश्न तेव्हा विचारायचा. आणि बैठक चालवणाऱ्याने, म्हणजे तिने, स्वतःचं मत मुळीच द्यायचं नाही.

सुरुवातीला सगळे मख्ख. मग कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, जनरेटर एवढा मोठा कशाला, वीज गेली तर ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूपुरता छोटा पुरे, बाकी चढउताराला रॅम्प आहेच. कार्ड लागलं. थोड्या वेळाने साहेब खुलले. रॅम्प काय करतो? रोगी वरखाली नेतो. लिफ्टही तेच करते. मग रॅम्प कशाला? तिचाच शब्द, तिच्याच सुरात. सगळे हसले, टाळ्या पडल्या. बाईने तेही कार्ड लिहिलं आणि नेमकी जागा उरली होती म्हणून पहिल्याच्या शेजारी चिकटवलं.

हात मागे घेताना तिने दोन्ही कार्डं पुन्हा वाचली. जनरेटरचं कार्ड रॅम्पच्या भरवशावर होतं आणि रॅम्पचं कार्ड लिफ्टच्या. या शहरात वीज रोज जाते. पण आत्ता खोडायचं नाही आणि तिने तर बोलायचंच नाही. दुपारी हे आपोआप बाहेर येईल, असं म्हणून तिने पुढचं कार्ड लिहायला घेतलं.

दुपार झालीच नाही. जेवणं आटोपली आणि साहेबांनी भिंतीवरची कार्डं स्वतः गोळा केली. एवढ्या छान सूचना आल्यात, आता पारखायचं काय त्यात, असं म्हणून त्यांनी सगळ्या मंजूर करून टाकल्या. पांगापांग झाली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि त्या दोन कार्डांचा घोळ सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘बैठकीत का नाही बोललात?’

‘साहेब, मी चालवत होते. मला मत द्यायचं नव्हतं.’

‘मग आत्ताही देऊ नका.’

वर ते गोडीने म्हणाले, की आणखी पाच प्रकल्पांत अशा बैठका घ्यायच्या आहेत आणि त्या तुम्हीच घ्यायच्या. भांडण लागलं तर खातं हे सगळं गुंडाळून ठेवेल.

नवऱ्याने घरी सगळं ऐकलं. ‘बँकेचा माणूस येतोय ना? त्याला सांग. फार तर काय होईल, बैठका बंद होतील,’ तो म्हणाला. तिला तेच नको होतं. एक रॅम्प गेला तर गेला, पद्धत तर रुजेल, असा तिने हिशेब केला. बँकेचा माणूस आला, चहा पिऊन गेला, आणि बाई हसून उभी राहिली. पाया खणला गेला. नवऱ्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

पद्धत खरंच रुजली, पण अर्धीच. पाचही ठिकाणी सकाळ झाली आणि दुपार कुठेच झाली नाही. खात्यात आता सकाळच्याच बैठकीला मूल्य व्यवस्थापन म्हणतात.

रुग्णालय उभं राहिलं. पुढे नवऱ्याचा दम वाढला, तेव्हा दुसरीकडे न्यायचं म्हणजे तरी कुठे? त्याला वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात ठेवलं. एका सकाळी त्याचे ओठ निळे पडू लागले आणि डॉक्टर म्हणाले, खाली आयसीयूत हलवा, ताबडतोब. लिफ्टपाशी अंधार होता. वीज गेली होती.

वॉर्डबॉय दोन आणि जिना अरुंद. स्ट्रेचर वळणावर अडकलं, म्हणून त्यांनी त्याला खुर्चीवर बसवून उचललं. बाई ऑक्सिजनचा सिलिंडर छातीशी धरून एकेक पायरी उतरत होती. मधल्या मजल्यावर त्यांनी खुर्ची टेकवली, कारण त्यांचाही दम संपला होता.

‘कुठल्या गाढवाने बांधलंय हे,’ थोरला वॉर्डबॉय घाम पुसत म्हणाला.

बाईने तोंड उघडलं, तेवढ्यात नवऱ्याने मास्क थोडा बाजूला केला. तिच्याकडे पाहिलं नाही.

‘असेल कुणीतरी,’ तो म्हणाला.

खुर्ची पुन्हा उचलली, तेव्हा त्याची मान कलली होती. तरीही ते दोघे त्याला अगदी खालपर्यंत घेऊन गेले, आणि बाई सिलिंडर धरून त्यांच्या मागोमाग गेली.