पाचव्या नंबरची मॅच

मला बॅडमिंटन येत नाही. रॅकेट हातात घेतली की शटल माझ्या अंगावरून असं पलीकडे जातं, जसं काही आमची जुनी ओळख आहे आणि त्याला ती दाखवायची नाही. मला येतो तो बॅडमिंटनचा इतिहास, त्यातही बायकांच्या उबर कपचा. रांजणगावला आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये, ताटातली आमटी गार होईपर्यंत मी तो कुणालाही सांगतो. हा कप एका इंग्लिश खेळाडू बाईनं दिला. पन्नासच्या दशकात स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्या तिन्ही वेळा अमेरिकेच्या बायकांनी मारली. मग जपान, मग इंडोनेशिया, आणि चीननं तर पुढं कप घरातल्या तांब्यासारखा वापरला. आपल्या पोरींनी दोनदा ब्राँझ आणलं, हे सांगताना मी स्वतःच खेळून आल्यासारखा दम खातो.

एवढं ज्ञान सांडणाऱ्याच्या गळ्यात लोक काम घालतातच. आमच्या कंपनीतल्या बायका आणि दौंडच्या बायका यांची एक लढत शिरूरच्या हॉलमध्ये घ्यायची ठरली, तेव्हा नियम करायचं काम माझ्याकडं आलं. दौंडच्या टीममध्ये माझी थोरली बहीण होती, आक्का.

आक्का शिरूरला शाळेत असताना तालुक्याच्या टीममध्ये राखीव होती. राखीव म्हणजे बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या धरणारी. लग्न होऊन दौंडला गेली. दाजी रेल्वेत, त्यामुळे तिथला हॉल मिळायचा, आणि दुपारी रिकाम्या हॉलमध्ये चार-पाच बायका खेळायच्या. त्यांच्यात ती कित्येक वर्षं खेळली. पण खुर्चीवर पंच बसलाय, गुण पुकारतोय, समोर अनोळखी बाई आहे, अशी मॅच तिच्या वाट्याला कधी आली नव्हती. आणि आता डॉक्टरनं गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली होती. त्यानंतर खेळणं बंद.

"एक मॅच," ती फोनवर म्हणाली. "एकच. मग काय कापायचं ते कापा म्हणावं."

"आक्का, तुझी मॅच झाली असं समज."

"तू समज म्हनला की मला भ्याच वाटतं."

तिचं भ्या खरं ठरलं. उबर कपात पूर्वी एका लढतीत सात मॅच असायच्या, आणि निकाल आधीच लागला तरी सातच्या सात खेळायच्या. पुढं त्या पाच झाल्या, तीन एकेरी आणि दोन दुहेरी. साखळीत अजूनही पाची खेळतात. बाद फेरीत मात्र एकीकडं तीन झाल्या की रॅकेटी पिशवीत. हे सगळं मला तोंडपाठ, आणि तरी मी नियम केला तो बाद फेरीचा. लढत एकच आहे, म्हणजे ती फायनलच, आणि फायनल फायनलसारखी दिसली पाहिजे, असं मी साहेबांना मोठ्या रुबाबात पटवलं. वर आणखी शहाणपण केलं, की खेळाडू ताकदीच्या क्रमानं उतरतील. त्या क्रमात आक्काची एकेरी पाचवी.

"पाचवी म्हंजी शेवटचीच की रं."

"अगं, दोन-दोन झाल्या की अख्खा कप तुझ्या हातात! एकदा इंडोनेशियाच्या चौदा वर्षांच्या पोरीनं पाचवी मॅच जिंकून चीनकडून कप ओढून आणला."

"व्हय?" तिचा आवाज एकदम हलका झाला. मला तेवढंच ऐकू आलं. दोन-दोन झाल्या नाहीत तर काय, हे तिनं विचारलं नाही आणि मला सुचलं नाही.

लढतीच्या दिवशी दौंडच्या बायका एसटीतून उतरल्या त्याच जिंकल्यासारख्या. पहिली एकेरी घेतली. दुहेरी घेतली. दुसरी एकेरी सुरू झाली तेव्हा आक्का कोर्टामागं जागच्या जागी पळत होती, गुडघ्याला निळा पट्टा. तिच्या टीमच्या बाईनं गुण घेतला की ती टाळी वाजवायची आणि तिचं पळणं थोडं मंद व्हायचं. आमच्या बाईनं घेतला की "असू दे, असू दे" म्हणायची आणि पाय पुन्हा जोरात उचलायची. शेवटच्या गुणाला तिनं सगळ्यांत जोरात टाळी वाजवली. मग वाकून बुटाची नाडी बांधत बसली. नाडी सुटलेली नव्हती.

तीन-शून्य. मी पंचांकडं धावलो. ते रिटायर झालेले पीटीचे मास्तर.

"आप्पा, उरलेल्या दोन घेऊन टाकू की."

"नियम कुणी केले?"

"मी."

"मग कुणाला इचारतोस?"

तरी ते थांबले असते. पण दुपारी एक वाजल्यानंतर हॉल साखरपुड्याला दिलेला होता आणि खुर्च्यांचा टेम्पो दारात लागला होता. फोटो निघाला, कप दिला गेला. कपासह फोटोत आक्का कडेला उभी, इस्त्री न मोडलेल्या टी-शर्टात.

मी तिच्याकडं जायचं टाळून खुर्च्या उतरवायला लागलो. बाकावर तिच्याशेजारी आमच्या टीमची पाचवी येऊन बसली. पॅकिंगमध्ये काम करणारी, शिक्रापूरला खोली घेऊन राहणारी बिहारची पोरगी. मराठी बोलायची, पण स्वतः बनवलेली. तीही तशीच न खेळलेली, घामाशिवाय कोरडी.

"आपली झाली असती तर?" आक्का म्हणाली.

"तर मी जिंकली असती, दीदी."

"आगं जा! मी पयली सर्व्हिस लांब टाकली असती. पार मागं."

"मी मागेच उभी होती."

"कशापायी? तुला काय म्हाईत मी लांब टाकनार?"

"तुमचा पट्टा दिसतो ना. आता मी छोटा ड्रॉप टाकला. तुम्ही नाही पोचली."

आक्कानं गुडघ्याकडं पाहिलं. "पोचले."

"दीदी, नाही पोचली."

"पोचले म्हनते ना! उचललं बी."

"ठीक है, उचलला. मी मारला स्मॅश."

"नेटात."

"लाइन पे!"

दोघी माझ्याकडं वळल्या. "ए इतिहास," आक्का ओरडली, "हिकडं ये. गुण मोज."

मी एक खुर्ची ओढली, तिच्यावर दुसरी ठेवली आणि वर चढून बसलो. पहिला गुण मी पोरीला दिला, आक्कानं मला शिव्या दिल्या, आणि मॅच सुरू झाली. दोघी बाकावरून उठल्या नाहीत, पण आक्काचा हात मनगटापासून हलत होता. पोरगी खोटं खेळत नव्हती. "हा तुमचा," असं मधेच कबूल करायची, मग पुढच्या दोन शटली अशा कोपऱ्यात टाकायची की आक्का डोळे मिटून विचारात पडायची. टेम्पोवाले थांबून बघायला लागले.

"त्ये भाईर गेलं, ताई," एकजण म्हणाला. "म्या बघितलं."

"तू खुर्च्या लाव," आक्का म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता, खराखुरा.

मी सात-सहा पुकारलं आणि रस्त्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. पोरीची दुपारची पाळी होती. पिशवी उचलून ती पळाली, आणि दारातून वळून ओरडली, "दीदी, सर्व्हिस तुमची!"

आक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती आता घरातल्या घरात चालते, भाजी आणते, जिना टाळते. पोरीनं पुढच्याच महिन्यात काम सोडलं. फोन लागत नाही. शिक्रापूरला तिच्या खोलीवर जाऊन आलो, तर तिथं दुसऱ्याच पोरी राहत होत्या. कुणी म्हणालं गुजरातला गेली, कुणी म्हणालं लग्न झालं. आक्का मात्र फोनवर दाजींची तब्येत सांगून झाली की विचारतेच.

"घावली का ती?"

"नाही गं. तिच्या बदली मी बोलू का पुढची?"

"तू? तुला लाइन तरी दिसती का?"

मग मागं दौंडची कुठलीतरी गाडी जात असते, ती गेल्यावरच बोलते.

"शोधत ऱ्हा. आन् घावली तर म्हनावं, सात-सहा हाय. मी सर्व्हिसला उभी हाय."